चढावर अडणारा मेक

मेकवॉरिअर ऑनलाइन हा मेक, म्हणजे आत बसून चालवायचे अवाढव्य लढाऊ यंत्रमानव, यांचा व्हिडिओ गेम. त्यात चढ लागला की जंप जेट (मेकला हवेत उचलणारी इंजिनं) लागतातच, असं कोणीतरी म्हटलंय. अर्धंच पटलं. ॲटलस या जड मेकला जेट बसतच नाहीत, मग त्याने काय दरीतच राहायचं?

नाकासमोर सरळ चढू नका. उतार जितका उभा, तितका वेग मरतो आणि शेवटी मेक जागीच पाय घासत बसतो. घाटरस्त्यासारखं तिरकं घ्या: पाय उताराला आडवे, धड मात्र शत्रूकडे वळवलेलं. पाय आणि धड वेगळे फिरतात याचा खरा उपयोग इथेच. चढ सुरू होण्याआधीच पूर्ण थ्रॉटल हवा, पायथ्याशी थांबून मग वेग घेणं जड मेकला जमत नाही.

जेट असतील तर बटण दाबून धरू नका. कडेला अडलात की छोटा झटका द्या, पाय सुटतात, पुन्हा चाला. थोडं इंधन उतरताना लागतं, नाहीतर पडल्याचा मार थेट पायांना. शिवाय जेट चालू असताना नेम हलतो, उष्णताही वाढते.

वजनाचंही बघा. ५५ टनांपर्यंतच्या मेकला एक जेट अर्धा टन, ६० ते ८५ ला एक टन, ९० पासून पुढे चक्क दोन. म्हणजे ९० टनी हायलँडर मेकवर तीन जेट म्हणजे सहा टन गेले! कॅनियन नेटवर्क या दऱ्याखोऱ्यांच्या नकाशावर ते वसूल होतात, सपाट नकाशावर मी तरी त्याऐवजी हीटसिंक (मेकची उष्णता घालवणारे भाग) घेईन.