मदत हवी आहे: सायलेन्सरची गळती काढली आणि पीयूसीचं रीडिंग आणखी वाढलं

रिकामा_गिअर

नमस्कार मंडळी. गाडी पोलो जीटी टीएसआय, २०१६ ची, बीएस-४, एमएच १२, ६८ हजार किमी. दिवाळीत बोनस आला आणि डोकं फिरलं. एका वर्कशॉपमध्ये टर्बोपासून मागपर्यंत धुराची अख्खी लाइन बदलून घेतली: डाऊनपाइप (टर्बोला लागून असलेला पाइप), मधला पाइप, मागचा मफलर (आवाज दाबणारा डबा), वर स्टेज २ रीमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये जास्त ताकदीची फाइल. बिलात 'हाय-फ्लो कॅट' (कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धूर स्वच्छ करणारा भाग) असं स्पष्ट लिहिलंय, १८ हजार लावलेत त्याचे. गाडी पळते मस्त, खंबाटकीत दम लागत नाही. आवाज घुमतो, पण बुलेटवाल्यांसारखे फटाके नाहीत. (सोसायटीच्या सेक्रेटरींचं मत वेगळं आहे.)

गेल्या आठवड्यात पीयूसी संपली म्हणून पंपाजवळच्या व्हॅनवर गेलो. पोराने मागे नळी घातली, मशीनकडे बघितलं, नळी काढून परत घातली. मग म्हणाला, "साहेब, वाजतीय भारी, पण बसत नाही."

पहिलं रीडिंग: आयडलला (गाडी उभी, पाय न देता) सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड ०.५१ टक्के, एचसी म्हणजे न जळलेलं इंधन २२६ पीपीएम. २५०० आरपीएमला सीओ ०.४३, लॅम्बडा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, १ म्हणजे अचूक) १.०७. फेल.

वर्कशॉपमध्ये गाडी लिफ्टवर घेतली तर डाऊनपाइप आणि मधल्या पाइपच्या जोडावर काजळीचा काळा पट्टा. गॅस्केट फुंकत होतं. नवीन टाकलं, बोल्ट आवळले. "आता डोळे झाकून पास," म्हणाले.

दुसरं रीडिंग: आयडलला सीओ ०.५५, एचसी २४२. २५०० ला सीओ ०.४६, लॅम्बडा १.००. परत फेल!

गळती बंद केल्यावर धूर स्वच्छ व्हायला हवा ना? इथे उलट वाढला. इंजिनचा दिवा लागलेला नाही, मायलेज ठीक आहे. वर्कशॉपवाले आता इंजेक्टर साफ करून घ्या म्हणतायत, त्याचे वेगळे सहा हजार. करू का?

भरधाव_भाऊ

भावा कशाला डोकं लावतोस, वरचे पाचशे दे, दुसऱ्या गाडीत नळी घालून तुझ्या नावाची पावती देतात. आमच्याकडे सगळे तेच करतात.

जुना_फिटर

भरधाव, हे सल्ले इथे नकोत.

रिकामा_गिअर, इंजेक्टरला हात लावू नका. सहा हजार खिशात ठेवा. तुमचं रीडिंग बिघडलेलं नाही, आधीचं खोटं होतं.

गवळी दुधात पाणी घालतो तसं तुमचं गॅस्केट धुरात हवा घालत होतं. धूर ठोक्याठोक्याने येतो, दोन ठोक्यांमध्ये पाइपात दाब पडतो आणि फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. लॅम्बडा म्हणजे इथला लॅक्टोमीटर. १.०७ म्हणजे साधारण सात टक्के जास्तीची हवा. आता ०.४३ ला १.०७ ने गुणा. ०.४६ येतं की नाही? एचसीचंही करून बघा, २२६ चे २४२ होतात. पाणी काढलं, दूध होतं तेवढं दिसलं. बाकी काही झालेलं नाही.

आता खरा मुद्दा. बीएस-४ पेट्रोल गाडीला मर्यादा अशा: आयडलला सीओ ०.३ टक्के, एचसी २०० पीपीएम. २५०० च्या आसपास सीओ ०.२ आणि लॅम्बडा ०.९७ ते १.०३. तुमचा लॅम्बडा बरोबर १.०० आहे, म्हणजे हवा-पेट्रोलचं माप चोख. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) शहाणा आहे, पुढचा, म्हणजे कॅटच्या आधीचा, ऑक्सिजन सेन्सर शहाणा आहे, इंजेक्टरही. असं असताना सीओ नि एचसी दोन्ही वर राहतात, तेव्हा एकाच भागाने कामावर दांडी मारलेली असते. कॅट. चांगला गरम कॅट असता तर सीओ दुसऱ्या दशांशात दिसला असता.

दोन प्रश्न. गाडी टेस्टला थंड नेली होती का? कॅट अडीचशे-तीनशे अंशांच्या खाली झोपलेला असतो. आणि जुना डाऊनपाइप तुमच्याकडे आहे का?

रिकामा_गिअर

काका, लॅक्टोमीटर एकदम पटला. गाडी थंड नव्हती, कात्रजहून सिंहगड रोडपर्यंत ट्रॅफिकमधून आलो होतो, चाळीसेक मिनिटं. जुना पाइप वर्कशॉपमध्येच राहिला. विचारलं तर "भंगारात गेला" म्हणाले. भंगारच ना ते?

जुना_फिटर

भंगार?! त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. कॅट विकत घेणारे वेगळेच लोक असतात आणि ते किलोवर लोखंडाचा भाव देत नाहीत. या गाडीत कॅट टर्बोला लागूनच, डाऊनपाइपमध्येच बसवलेला येतो. डाऊनपाइप गेला की कॅट गेला. मागचा मफलर कितीही बदला, पीयूसीच्या मशीनला फरक पडत नाही. पाइप परत मागा, आजच.

आणि नवीन पाइपात खरंच काही आहे का ते बघा. ओबीडीला (गाडीचा कॉम्प्युटर तपासायच्या सॉकेटला) लावायचं ब्लूटूथ यंत्र मिळतं. इंजिन गरम करून २५०० वर धरा आणि मागच्या, म्हणजे कॅटनंतरच्या, सेन्सरचं व्होल्टेज बघा. ०.६-०.७ च्या आसपास शांत बसलं तर कॅट जिवंत. ०.१ ते ०.९ असं नाचायला लागलं तर आत काही नाही. दिवा लागला नाही यावर जाऊ नका. स्टेज २ ची फाइल टाकताना पी०४२० हा कोड (कॅट काम करत नाही असं सांगून दिवा लावणारा) बहुतेक वेळा बंद करूनच देतात.

सॅन_होजेची_सून

वाचून मजा आली. आमच्या कॅलिफोर्नियात २००० पासूनच्या पेट्रोल गाड्यांच्या नळकांड्यात नळी घालतच नाहीत, थेट ओबीडीला जोडतात. शिवाय वाकून बघतात. कंपनीबाहेरचा कॅट असेल तर त्यावर राज्याच्या मंजुरीचा ईओ नंबर कोरलेला लागतो. नसेल तर धूर गंगाजलासारखा असला तरी फेल. नवऱ्याने हौसेने आणलेला हेडर (इंजिनला लागून बसणारे धुराचे पाइप) तीन वर्षं गॅरेजमध्ये पडून आहे.

काळा_कोट

फेलचा कागद ही सगळ्यात छोटी कटकट आहे, म्हणून कायद्याचं थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२): हवा किंवा आवाजाच्या मानकांचा भंग, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ मापांपासून फारकत घेणारे बदल चालत नाहीत, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. असा बदल करणाऱ्या मालकाला १८२ए(४) खाली प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही. मफलरबद्दल एवढंच, की मशीनला कान नसतात, पण चौकातल्या हवालदाराला असतात. जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून रोडरोलर फिरवल्याचे फोटो पेपरात पाहिलेच असतील.

रिकामा_गिअर

अपडेट. यंत्र आणलं. पार्किंगमध्ये बायकोला ड्रायव्हर सीटवर बसवून २५०० धरायला लावलं, मी मोबाइलवर आलेख बघत होतो. पुढचा सेन्सर जसा, तसाच मागचा. गणपतीच्या मिरवणुकीत नाचतात तसा. म्हणजे मी १८ हजार रुपये एका फुगीर पाइपाचे दिलेत.

वर्कशॉपमध्ये जाऊन आलेख दाखवला, जुन्या पाइपाचा विषय काढला. पुन्हा भंगार. मग मी सहज विचारल्यासारखं म्हटलं, ऱ्होडियमचा आज काय भाव चाललाय हो? मालकाने पोराकडे बघितलं. पाच मिनिटांत माझा पाइप मागच्या खोलीतून गोणपाटात गुंडाळून हजर! टॉर्च मारून आत बघितलं. मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी अख्खी आहे, कुठे वितळलेली, तुटलेली नाही. बसवायला सांगू का? रीमॅप तसाच ठेवला तर चालेल?

जुना_फिटर

बसवा, समोर उभं राहून बसवून घ्या. गॅस्केट आणि टर्बोकडचे नट नवीन. स्टेज २ ची फाइल मोकळ्या पाइपासाठी लिहिलेली असते, ती ठेवू नका. कंपनीची मूळ फाइल परत टाका आणि पी०४२० चालू आहे याची खात्री करा. टेस्टआधी वीस मिनिटं चालवा आणि रांगेत इंजिन बंद करू नका.

रिकामा_गिअर

पास! आयडलला सीओ ०.०२, एचसी १८. २५०० ला सीओ ०.०१, लॅम्बडा १.००. व्हॅनमधल्या पोराने कागद देताना विचारलं, "साहेब, दुसरी गाडी आणली का?" वर्षभराची चिंता मिटली. मागचा मफलरही कंपनीचाच घातला, सेक्रेटरी आता लिफ्टमध्ये बोलतात. खंबाटकीत थोडा फरक जाणवतो. खोटं कशाला बोलू, आवाजाची आठवणही येते.

तो 'हाय-फ्लो कॅट' त्यांच्याच ग्राइंडरवर उभा कापून घेतला. आत भोकं पाडलेली नळी आणि भोवती थोडी काचेची लोकर, बस. फोटो खाली टाकतोय. १८ हजार परत मागितलेत, "शनिवारी बघतो" म्हणालेत. काय होतं ते इथेच लिहीन. काका, दोन्ही तुकडे जपून ठेवू ना, पुरावा म्हणून?

काळा_कोट

तुकडे, बिल आणि दोन्ही फेल पावत्या. पावत्यांचे आजच फोटो काढा, तो कागद सहा महिन्यांत कोरा होतो.