मदत हवी आहे: पाकिटावरचं जुनं तिकीट न फाटता कसं काढायचं? (तातडीचं)

सातारी_तडका
घरात जुनी ट्रंक निघाली. आत साठ-सत्तर पत्रं आहेत, तिकिटं लावलेली. तिकिटं काढायची आहेत, पण कागद एवढा जून झालाय की तिकिटाबरोबर टवका निघतो. वाफ देऊ की पाण्यात टाकू? शनिवारच्या आत व्हायला हवं. ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनीच लिहा. "गूगल करा" सांगणाऱ्यांनी कृपया लांब राहा.

कुंदाताई
कोमट पाणी घ्या, गरम नको. दहा मिनिटांत आपोआप सुटतं. मग टॉवेलवर पालथं घालून वाळवायचं आणि जाड पुस्तकात दाबायचं. शाळेत असताना मी अशीच दोन वह्या भरून तिकिटं जमवली होती. पुढे भावाने त्यांचे भोवरे घेतले.

टिपकागद
थांबा, काहीही काढू नका! आधी सांगा: पत्रं कुठल्या सालातली? तिकिटावर काय छापलंय? शिक्क्यावर गाव-तारीख दिसते का? आणि मुळात काढायची कशासाठी?

सातारी_तडका
जुनी आहेत हो. राणीची तिकिटं आहेत. माझा प्रश्न कशी काढायची एवढाच आहे.

टिपकागद
१८५४ पासून १९०१ मध्ये वारेपर्यंत तिकिटांवर व्हिक्टोरिया राणीच होती. सत्तेचाळीस वर्षांत "राणीचं तिकीट" म्हणजे "पांढरा शर्ट घातलेला माणूस" सांगण्यासारखं झालं. राणीच्या भोवती "ईस्ट इंडिया" आहे की नुसतं "इंडिया"? ईस्ट असेल तर १८८२ च्या आधीच्या छपाईचं. कडेला दाते आहेत की कात्रीने कापल्यासारखी सरळ आहे? सरळ आणि रंग निळा किंवा लाल असेल तर फोटो टाकल्याशिवाय श्वाससुद्धा घेऊ नका.

मी_पुणेकर
आमच्याकडे आजोबांची पत्रं होती, मी सगळी लॅमिनेट करून घेतली. झकास राहतात, वाळवीबिळवी काही नाही.

टिपकागद
मी_पुणेकर, आता ती पत्रं तुमची राहिली नाहीत, प्लॅस्टिकची झाली. लॅमिनेशन उतरवता येत नाही. बाकीच्यांनी कृपया हे करू नका.

मी_पुणेकर
माझी पत्रं, माझे आजोबा. विकायची कुणाला आहेत?

सातारी_तडका
विकायचीच आहेत, म्हणून तर विचारतोय! एक गृहस्थ शनिवारी येणार आहेत. म्हणाले, सुटी तिकिटं असतील तर घेतो, पाकिटं रद्दीत घाला. सगळ्याचे मिळून साडेतीन हजार.
काही तिकिटांवर "ईस्ट इंडिया" आहे, निळी, अर्धा आणा, दाते आहेत. पाकीट असं नाहीच, पत्रच घडी घालून त्यावर पत्ता लिहिलाय. आतली अक्षरं मोडी असावीत. शिवाय एक लाल अंडाकृती तिकीट आहे, त्यावर राणी नाही, अक्षरं फाकलेली. आणि गांधीजींचं एक १९४८ चं आहे, ते लाखात जातं ना?

भिंगवाले
गांधीजींचं दहा रुपयांचं की दीड आण्याचं?

सातारी_तडका
दीड आणा. का?

भिंगवाले
१५ ऑगस्ट १९४८ ला चार तिकिटं निघाली: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. छापली स्वित्झर्लंडला. लोक नाव घेतात ते दहा रुपयांचं, आणि त्याची नकली बाजारात पोत्याने आहेत. दीड आण्याचं खरंच असेल, कारण ते नकली करायचे कष्ट कोण घेतंय. प्रेमाने जपा, पण त्यावर घर बांधू नका.

हापूस_इन_न्यूजर्सी
दादा, साडेतीन हजारांत देऊ नकोस! मला इकडे पाठवून दे, इथल्या लिलावात टाकू. डॉलरमध्ये येतील.

निवृत्त_वकील
असले सल्ले जाहीरपणे देऊ नयेत. १९७२ चा पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा आहे. ७५ वर्षांपेक्षा जुना, ऐतिहासिक मोलाचा दस्तऐवज त्यात बसू शकतो आणि तो खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही.

हापूस_इन_न्यूजर्सी
काका, इथे भारताची जुनी पाकिटं नेहमी विकली जातात.

निवृत्त_वकील
ती साहेब लोकांनी त्यांच्या घरी धाडलेली, म्हणजे कधीच गेलेली. ह्यांची अजून ट्रंकेत आहेत. फरक कळतो का?

लग्नघर
इथे टपालातले जाणकार दिसतायत म्हणून विचारते. मुलीच्या लग्नासाठी तिचा फोटो असलेलं माय स्टॅम्प छापून घ्यायचं आहे, किती दिवस लागतात?

कुंदाताई
मोठ्या पोस्टात फिलाटेली ब्यूरोच्या खिडकीवर विचारा. अभिनंदन!

टिपकागद
सातारी_तडका, त्या गृहस्थांना पाकिटं नकोत म्हणताना जरा विचार करा. तिकीट सुटं झालं की ते हजारो भावंडांपैकी एक. पत्रावर असलं की कुठून निघालं, कुठल्या वाटेने गेलं, किती दिवस लागले, हे सगळं शिक्क्यांत राहतं. एका निळ्या तिकिटाच्या पत्रावरचा शिक्का नीट वाचून सांगता का? मागची बाजूही.

सातारी_तडका
पुढे बॉम्बे, १८६१. मागे पूना, दोन दिवस नंतरचा. बाकी पुसट. बस?

टिपकागद
बस म्हणजे? १८६१ ला बोरघाटाची रेल्वे झालेली नव्हती, ती १८६३ ला सुरू झाली. खालून गाडी खोपोलीपर्यंत यायची, वरून खंडाळ्याहून पुण्याला जायची, मधला घाट टपालाने रस्त्याने चढायचा. तुमचं पत्र असं घाट चढून गेलंय. त्यावर अर्धा आणाच आहे, म्हणजे पाव तोळ्याच्या आतलं, जेमतेम तीन ग्रॅम. १८५४ च्या ऑक्टोबरपासून देशभर, कितीही लांब असलं तरी, एकच दर आला, त्याचा हा पुरावा तुमच्या हातात आहे. आणि तुम्ही ते फाडणार होतात.

सातारी_तडका
नव्हतो फाडणार. पाण्यात टाकणार होतो. सहा टाकून झालीत.

भिंगवाले
अरे देवा. १८६१ चं त्यात होतं का?

सातारी_तडका
नाही, पाव आण्याची कार्डं होती. छापील राणी आहे हे नंतर कळलं.

टिपकागद
पोस्टकार्डावरचं तिकीट छापीलच असतं, सुटणार काय! आपल्याकडे कार्डं १८७९ ला सुरू झाली, पाव आण्यात. बाहेर काढा, टिपकागदावर ठेवा, हेअर ड्रायर लावू नका. लाल अंडाकृतीला मात्र पाणी दाखवू नका. तो हाताने उमटवलेला ठसा असू शकतो, रंग जाईल. पत्र कुठून कुठे गेलंय?

सातारी_तडका
भोरहून पुण्याला. सदाशिव पेठ.

भिंगवाले
भोर! १८७९ ला भोर संस्थानाने स्वतःची तिकिटं काढली, अर्धा आणा अंडाकृती, एक आणा चौकोनी, दोन्ही लाल. अंगावर काटा आला.

टिपकागद
काटा जरा आवरा. संस्थानाचं तिकीट संस्थानाच्या हद्दीत चालायचं. पुण्याला जायचं तर ब्रिटिश तिकीट हवं. पत्रावर दुसरं तिकीट आहे का? आणि शिक्का तिकिटावरून कागदावर उतरलाय का?

सातारी_तडका
दुसरं तिकीट नाही. शिक्का बाजूला आहे, तिकिटाला शिवलेला नाही.

टिपकागद
मग ते तिकीट नंतर चिकटवलेलं असावं.

भिंगवाले
तुम्ही सगळ्यावर पाणी ओतता.

सातारी_तडका
आत्याला फोन केला. ती हसत सुटली. आजोबा लहानपणी जुन्या पत्रांवर तिकिटं डकवून पोस्टमास्तर-पोस्टमास्तर खेळायचे म्हणे. तिकीट खरं असेल का पण?

टिपकागद
असू शकतं. भोरच्या लहान मुलाच्या हाती भोरचंच तिकीट येणार. पण तिथेच ठेवा, ओढू नका.

सातारी_तडका
एका पत्रावर तिकीटच नाही, नुसता "बेअरिंग" शिक्का. ते तरी टाकू?

कुंदाताई
नॉटपेड! आमची मावशी मुद्दाम नॉटपेड टाकायची. दुप्पट पैसे भरायला लागले की बाबा दिवसभर घुमे असायचे.

टिपकागद
टाकू नका. तिकिटाशिवायच्या पत्रालाही किंमत असते. आणि मोडी मजकूर वाचून घ्या. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा, मोडी वाचणारे भेटतील. मजकुरात कुणाचं नाव निघालं तर भाव पार बदलतो. शनिवारच्या गृहस्थांना सांगा, अजून बघतोय.

लग्नघर
तिकिटावर नवऱ्या मुलाचा फोटोही चालतो का?

सातारी_तडका
त्यांना कळवलं. पाच हजार म्हणाले, मग सात. म्हणून आता अजिबातच द्यायची नाहीत असं ठरवलंय. सहा कार्डं टॉवेलवर आहेत, कडा वळतायत. आई पोळपाट ठेवू म्हणतेय.

टिपकागद
आधी टिपकागद, मग पोळपाट. आणि त्यावर आज पोळ्या लाटू नका.