झुमवॉल्ट विनाशिकांचा खर्च: आराखडा चुकला की हिशेब?

दर्यावर्दी:
अमेरिकी नौदल झुमवॉल्ट वर्गाच्या ३२ विनाशिका बांधणार होते, बांधल्या तीनच. संशोधन धरून एकूण खर्च २२ अब्ज डॉलरच्या पुढे गेला, म्हणजे एकेका जहाजामागे सात अब्जांहून अधिक. याच नौदलाच्या आर्ली बर्क वर्गाची बांधणी मात्र १९९१ साली पहिले जहाज सेवेत आल्यानंतर आजही चालू आहे. दोष नेमका कशाचा मानावा?

अनामिक_७:
सात अब्जांचा आकडा खरा असला तरी थोडा फसवा आहे. संशोधनावरचे सुमारे दहा अब्ज डॉलर जहाजे कितीही बांधली तरी लागणारच होते. ते ३२ जहाजांत वाटले असते, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ३१ कोटी आले असते. तिघांत वाटल्यावर तीन अब्जांहून जास्त येतात. खर्च वाढला म्हणून संख्या घटवली आणि संख्या घटली म्हणून प्रतिजहाज खर्च आणखी वाढला. अखेर २०१० साली कायद्याने घातलेली खर्चवाढीची मर्यादा ओलांडली गेली आणि काटकसर म्हणून दोनपैकी एक रडारही वगळावे लागले.

तोफखाना:
या दुष्टचक्राचा सर्वांत बोलका नमुना तोफांचा आहे. किनाऱ्यावर उतरणाऱ्या सैनिकांना दूरवरून मारा करून साथ देता यावी, म्हणून प्रत्येक जहाजावर १५५ मिमीच्या दोन तोफा बसवल्या. त्यांच्यासाठी शंभर किलोमीटरपलीकडे जाणारा खास गोळा तयार केला, पण जहाजे तीनच उरल्यावर एका गोळ्याची किंमत आठ लाख डॉलरच्या घरात गेली आणि २०१६ साली नौदलाने ती खरेदीच सोडून दिली. भूदलाचे नेहमीचे १५५ मिमीचे गोळेही या तोफांना चालत नसल्याने त्या निव्वळ शोभेच्या ठरल्या (आराखडा मंजूर करताना हा प्रश्न कोणी विचारला नसेल, यावर विश्वास बसत नाही). आता अमेरिकेतील पॅस्कागूला येथील गोदीत तोफा काढून तिथे हायपरसॉनिक (ध्वनीच्या पाचपटीहून वेगवान) क्षेपणास्त्रांच्या नळ्या बसवल्या जात आहेत.

जलरेषा:
तोफांपुरते मान्य, पण सगळाच आराखडा मोडीत काढू नये. जहाजाच्या बाजू वर जाताना आत झुकत असल्याने रडारच्या लहरी शत्रूकडे परतत नाहीत, आणि १५ हजार टनांहून मोठे असूनही त्याला बर्कच्या निम्म्याच्या आसपास खलाशी पुरतात. मुख्य म्हणजे सुमारे ७८ मेगावॉट वीज निर्माण करून ती प्रणोदन (जहाज पुढे ढकलणारी यंत्रणा), रडार, शस्त्रे यांना गरजेप्रमाणे वळवता येते. बर्कच्या नव्या आवृत्तीत मोठे रडार बसवताना वीजनिर्मिती आणि शीतकरण वाढवण्यासाठी अभियंत्यांना जुन्याच सांगाड्यात जागा शोधत बसावे लागले.

दर्यावर्दी:
म्हणजे वीजव्यवस्था आधी एखाद्या जुन्या वर्गावर आजमावून मग नवा सांगाडा घेतला असता, तर खर्च आवरला असता?

जलरेषा:
बराचसा. मात्र सांगाडा, वीज, रडार आणि तोफा एकदम नव्या घेतल्यावर एकाच्या विलंबाची किंमत बाकीच्यांनाही मोजावी लागली.