पिंडारी ग्लेशियर आईला घेऊन, जमेल का?

प्रश्न: आईला (वय ५८) घेऊन सप्टेंबरअखेर उत्तराखंडातला पिंडारी ग्लेशियरचा ट्रेक करायचाय, ती रोज चालते पण हिमालयात कधीच गेलेली नाही. काठगोदामपर्यंत ट्रेन, पुढे बागेश्वर. खाती गावानंतर चढ कितपत आहे? उंचीचा त्रास होतो का?

उत्तर १: काकूंना जमेल, फक्त घाई करू नका. खाती ते द्वाली वाट पिंडर नदीच्या कडेने जंगलातून जाते, खरा चढ द्वाली ते फुरकिया (दोन्ही वाटेतले मुक्काम). आम्ही फुरकियाला एक रात्र जास्तीची काढली कारण मैत्रिणीचं डोकं ठणकत होतं, जेवणही जाईना, सकाळी ती ठणठणीत झाली म्हणूनच पुढे गेलो. झिरो पॉइंट (ट्रेकचं शेवटचं ठिकाण, जिथून ग्लेशियर दिसतो) साधारण ३,६५० मीटरवर आहे, डोकं दुखत असताना वर चढायचंच नाही.

उत्तर २: +१. फुरकियाहून पहाटेच निघा, नंतर ढग येऊन नंदाकोट शिखर झाकलं जातं. आणि झिरो पॉइंटला कड्याच्या टोकाशी जाऊ नका प्लीज, माती सुटलेली आहे, माझ्यासमोर मोठं ढेकूळ घरंगळत गेलं.

प्रश्नकर्ती: थँक्यू, एक दिवस वाढवतेच. काठी एक घेऊ की दोन?

उत्तर १: दोन. उतरताना गुडघे वाचतात.