मदत हवी आहे: पंपाचा जोर वाढवला तर पांढरे ठिपके आटोक्यात येतील का?

मंडळी, एक कोडं पडलंय. एकाच खेपेचे गोल्डफिश दोन टाक्यांत विभागून ठेवलेत. पहिलीत एका बाजूने ताजं पाणी सतत येतं, दुसऱ्या बाजूने जातं. दुसरीत तेच पाणी फिल्टरमधून फिरत राहतं. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग (इक) दोन्हीकडे आलाय. पहिलीत शेपटीवर चार-दोन ठिपके, मासे मजेत खातायत. दुसरीत मात्र अंगभर रव्याचे कण चिकटल्यासारखं दिसतं. मासे दगडांना अंग घासतात, नाहीतर फिल्टरमागच्या संथ कोपऱ्यात तळाशी बसून असतात. तापमान, खाणं, संख्या सगळं सारखंच.

दुसरीत मोठा पंप बसवू का? की आजारी मासे आणखी दमतील? औषध सुरू करतोच आहे, पण प्रवाहाचं गणित जाणकारांनी समजावून सांगावं.

तळ्यातमळ्यात:
नुसत्या मोठ्या पंपाने फारसं साधणार नाही. ठिपक्यातला जीव पोसला की मासा सोडतो, तळाशी किंवा दगडाला चिकटतो आणि कवचात विभागत जातो. एकातून शेकडो पिल्लं सुटतात. त्यांना साधारण एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. तुमच्या पहिल्या टाकीत त्यातली बरीचशी मासा गाठायच्या आतच बाहेर वाहून जातात. दुसरीत पंप त्यांना गोल गोल फिरवून परत माशांपाशीच आणतो.

तो संथ कोपराही घातक. दमलेला मासा तिथे टेकतो, चिकटलेली कवचंही तिथेच साठतात, म्हणजे पिल्लांना शिकार दारातच. रोज सायफनने तळ, विशेषतः तो कोपरा, ओढून घ्या आणि काढलं तेवढं त्याच तापमानाचं, क्लोरीन नसलेलं पाणी भरा. औषधही पोहणाऱ्या पिल्लांवरच चालतं, कातडीखालच्या ठिपक्यावर नाही. त्यामुळे ठिपके गेले म्हणून लगेच थांबवू नका.

गाळवाला:
सहमत, पण ‘वाहतं पाणी म्हणजे रोग कमी’ हे सरसकट धरू नका. जायरोडॅक्टिलस हा माशाच्या अंगावरचा बारीक कृमी थेट पिल्लं घालतो आणि मुख्यतः अंगाला अंग लागून पसरतो. वाहून जायला पोहणारी अळीच नसते. नदीत तर आणखी गुंता. ट्राउटच्या गरगर रोगाचा परजीवी आधी गाळातल्या ट्युबिफेक्स किड्यात वाढतो, म्हणजे संथ पाणी, साठलेला गाळ हे त्याचं माहेरघर. अमेरिकेतल्या क्लामथ नदीत सामन माशांच्या अशाच एका परजीवीसाठी धरणातून मुद्दाम जोराचं पाणी सोडलं गेलं, तो ज्यांच्यात वाढतो ते तळातले किडे खरवडून निघावेत म्हणून. तिथे निशाणा किड्यांवर होता.

धागाकर्ता:
म्हणजे पंप राहू दे, पाणी बदलायचं. पाण्यातले जंतू मारणारा यूव्ही (अतिनील) दिवा लावला तर?

तळ्यातमळ्यात:
चालेल, पण तिथे गणित उलटं. दिव्यातून पाणी जितकं सावकाश जाईल तितका मारा जास्त, त्यामुळे मोठा पंप त्याला जोडू नका. तळाला चिकटलेली कवचं दिव्यापर्यंत पोचतच नाहीत, तेव्हा सायफन सुटत नाही. आणि माशांना सतत धारेविरुद्ध पोहायला लावू नका. कल्ल्यांवर ठिपके असतील तर त्यांना आधीच श्वास पुरत नाही. हवेचे बुडबुडे सोडणारा दगड (एअर स्टोन) वाढवा, धार भिंतीकडे वळवा.