इंग्रजीत शब्द नेमका कुठून कापतात?

काल अप्पा बळवंत चौकात पोरीची पुस्तकं घ्यायला गेलो होतो, पुढचा मुलगा म्हणाला "काका, इकोचं गाईड आहे का", काकांनी शिडीवर चढता चढता विचारलं "इकॉनॉमिक्स का इकॉलॉजी?" पोरगं गप्प. तर प्रश्न असा, की एक्झाम, लॅब, मॅथ्स मागनं कापलेत हे कळतं, पण बस न् फोन पुढनं कापले, याला काही नियम आहे का?

— नियम कसला, कात्री लागेल तिथे. फ्लू बघा, इन्फ्लुएन्झाचा मधलाच तुकडा. फ्रिजचं तर डोकंही गेलं न् शेपूटही, वर स्पेलिंगमध्ये डी घुसवला, रेफ्रिजरेटरमध्ये औषधालाही डी नाही!

— सगळ्यात भारी बसच. मूळ लॅटिन ऑम्निबस, म्हणजे सर्वांसाठी. त्यातलं 'सर्व' ऑम्निमध्ये होतं ते गेलं आणि मागे उरला नुसता विभक्तीचा प्रत्यय. म्हणजे आपण 'सगळ्यांना'मधला फक्त 'ना' ठेवायचा आणि डेक्कनच्या स्टॉपवर विचारायचं, "अहो, कोथरूडची ना गेली का?"

— उत्तर पण "ना" असंच येणार 😄

— आपल्याकडे पहिली अक्षरं घ्यायची पद्धत जुनी आहे की, पत्रात स. न. वि. वि., ता. क., लग्नपत्रिकेत चि. सौ. कां. फरक एवढाच की वाचताना आपण आख्खं वाचतो, सौ. कां. लिहिलं तरी तोंडाने सौभाग्यकांक्षिणीच. आता मात्र जंगली महाराजांचाही जेएम रोड झालाय, तो कोण आख्खा म्हणतं, रिक्षावालासुद्धा नाही.

— ओके विसरलात. १८३९ साली बोस्टनच्या एका पेपरात आलं, 'ऑल करेक्ट'चं मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची पहिली अक्षरं. तेव्हा असल्या थट्टेची फॅशनच होती, बाकीच्या गेल्या, ही टिकली. आमचे चिरंजीव त्याचंही अर्धं करतात, मी चार ओळींचा मेसेज टाकायचा, दूध आण, इस्त्रीचे कपडे आण, आजीची गोळी आण, उत्तर काय तर "के". आणि गोळी विसरून येणार.

— बरं ते राहू दे, त्या मुलाला गाईड कुठलं हवं होतं शेवटी?

— मी निघालो तेव्हा आईला फोन लावून विचारत होता.