‘साथीविना’ की ‘वाद्यांविना’?

शरणपूरकर: आमच्या चर्चमधल्या भक्तिसंध्येची पत्रिका छापायला द्यायची आहे. कॉयरचं (गायकवृंदाचं) एक लॅटिन मोटेट, म्हणजे अनेक आवाजांचं धर्मगीत, नुसतं गाऊन होणार, बाकीची गीतं पेटी-तबल्यावर. त्यापुढे ‘आ कापेला’ (वाद्यांशिवाय गायलेलं) छापलं तर अर्धे लोक विचारतील, हे काय नवीन? ‘साथीविना’ चालेल का?

पंचवटीकर: मला खटकतं. आपल्याकडे साथ वाद्यांचीच असते असं नाही. कीर्तनात बुवांनी चरण सोडला की मागचे टाळकरी तो उचलतात, ती साथच. ख्यालाच्या मैफलीत तानपुऱ्यावर बसलेला शिष्य मधेच सूर भरतो, त्याला तर आपण स्वरसाथ म्हणतो. ‘साथीविना’ वाचून मला मंचावर एकटा माणूस दिसतो, आणि तुमचा तर अख्खा कॉयर. ‘वाद्यांविना’ लिहा.

पेटीवाला: ‘वाद्यविरहित’ मात्र नको, निविदेची भाषा वाटते. सुरुवातीला पेटीवर सूर घेऊन भाता मिटला तरी ‘वाद्यांविना’ खरंच ठरतं. तानपुरा चालू ठेवलात तर मात्र पंचाईत. गवई त्याला साथीत धरत नाहीत, पण वाद्य तर आहेच!

गंगापूर रोड: ‘आ कापेला’ या मूळ इटालियन शब्दाचा अर्थ फक्त ‘चॅपेलच्या (प्रार्थनागृहाच्या) रीतीने’. वाद्य नको, असं त्यात कुठेच नाही. रोमच्या सिस्टीन चॅपेलमध्ये ऑर्गनशिवाय गात, त्यावरून १९व्या शतकात आजचा अर्थ रुजला. इतरत्र गळ्याच्याच ओळी वाद्यांवर वाजवायची रीत होती. जर्मन संगीतकार बाखचं १७२९ मधलं ‘डेअर गाइस्ट हिल्फ्ट’ हे मोटेट दोन कॉयरचं आहे. एका कॉयरबरोबर तंतुवाद्यं, दुसऱ्याबरोबर ‘ओबो’ आणि ‘बसून’ ही फुंकवाद्यं, अशा वादकांच्या प्रती त्याच्याच काळातल्या मिळतात. तेव्हा वाद्यांविना गाणं हेच अस्सल, असं निवेदकाला सांगू देऊ नका. ती तुमच्या संचालकांची निवड आहे.

पंचवटीकर: वेदपठणातला घनपाठ वाद्यांविनाच होतो, पण तसं कोणी पत्रिकेत छापत नाही. तिथे वाद्याची अपेक्षाच नसते. तुमच्याकडे पुढच्या-मागच्या गीतांना पेटी आहे, म्हणून या एकाला सांगावं लागतंय.

शरणपूरकर: कॉयरमधल्या एका मावशींनी ‘नुसत्या गळ्यावर’ सुचवलंय.

पेटीवाला: बोलायला झकास. पण छापलंत तर लोक समजतील, पेटीवाला आलाच नाही.

शरणपूरकर: ‘वाद्यांविना समूहगान’ कळवलं छापखान्याला. आमच्या पेटीवाल्या दादांची एकच अट: बाकीच्या गीतांपुढे त्यांचं नाव ठळक हवं.